पाजणारी आणि सांभाळणारी

(वाचनासाठी शास्त्रभाग : यशया ४९:१३-२३, गणना ११:१०-१७, रूथ ४:१३-१७)



घरात बाळ जन्मले की आपण देवाचे उपकार मानतो, पेढे वाटतो, पाळकांना प्रार्थनेसाठी बोलावतो. परंतु तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत काय चाललेले असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाळ स्तनाशी झटते आणि रडते. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात, स्तन दगडासारखे ताठरलेले असतात. आई ओठ दाबून वेदना सोसते. आणि दाराबाहेर कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, "हिला दूधच नाही." ते वाक्य आत ऐकू जाते.

या विषयावर आपल्या व्यासपीठांवरून सहसा कोणी बोलत नाही. पवित्र शास्त्र मात्र त्याबद्दल लाजत नाही. सारेने इसहाकाला पाजले, हन्नाने शमुवेलाला पाजले, मोशेच्या आईने आपल्याच बाळाला फारोच्या कन्येची दाई म्हणून पाजले. आपल्या प्रभूनेही देहधारी होऊन मरीयेच्या दुधावर पोषण घेतले. म्हणून आज या विषयावर बोलण्याची परवानगी मी आपणाकडे मागते. आधी माझी एक चूक आपणापुढे कबूल करते.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्या दिवसांत यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायाच्या भाषांतराचा कच्चा मसुदा तपासण्यासाठी माझ्या टेबलावर होता. बाळ पाच दिवसांचे झाले तेव्हा आम्ही संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना ठेवली. मी मोठ्या हौसेने त्याच अध्यायाचे पंधरावे वचन वाचले. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याचा एखाद्या स्त्रीला विसर पडेल काय, असे तेथे देव विचारतो. वचन वाचून झाल्यावर मातेचे प्रेम किती अढळ असते यावर मी चार वाक्ये बोलले. त्याच दुपारी, चिरांच्या वेदनेमुळे तिने बाळाला थोडा वेळ दूर धरले असता, मी तिला म्हणाले होते, "आमच्या वेळी असले काही नव्हते."

सर्व जण निघून गेल्यावर तिने मला विचारले, "आई, त्या वचनातली विसरणारी बाई मीच का?"

प्रियहो, ज्या वचनावर मी कित्येक दिवस शब्दकोश उघडून बसले होते, ते मी माझ्याच लेकीच्या हातात काठी म्हणून नव्हे, तर तिच्या पाठीवर काठी म्हणून वापरले होते. त्या रात्री मी तो अध्याय पुन्हा वाचला. त्यात जे सापडले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

१. वचन कोणाची परीक्षा घेते?

ते वचन मातांची परीक्षा घेण्यासाठी लिहिलेलेच नाही. सियोन नगरी रडत आहे. परमेश्वराने आपल्याला टाकून दिले असे तिला वाटते. तिला धीर देण्यासाठी देव मनुष्यजीवनातील सर्वांत घट्ट बंधनाचा दाखला घेतो. तो दाखला किती अचूक आहे, हे पाजणारी प्रत्येक आई जाणते. बाळाच्या भुकेची वेळ झाली की तिचे स्तन भरून येतात. दुसऱ्या खोलीतून रडणे ऐकू आले तरी पान्हा वाहू लागतो. मनाला विसर पडला तरी तिचे शरीर आठवण करून देते.

पण वचन तेथे थांबत नाही. एखाद्या वेळी आईलाही विसर पडू शकेल, हे देव स्वतः मान्य करतो आणि आपल्याला विसर पडणार नाही, असे अभिवचन देतो. पुढच्याच वचनात तो आपल्या तळहातांवर कोरलेल्या सियोनेचा उल्लेख करतो. अध्यायाचा सारा भार देवाच्या विश्वासूपणावर आहे; मातेच्या सामर्थ्यावर नाही. थकलेल्या, दुखावलेल्या, रात्र रात्र जागलेल्या मातेला या वचनात दोष दिलेला नाही. तिच्यासह तिच्या बाळाला धरून ठेवणाऱ्या हातांकडे ते बोट दाखवते.

२. शास्त्रातील दोन शब्द

आता याच अध्यायाचे तेविसावे वचन पाहा. रडणाऱ्या त्या सियोनेला देव साहाय्यक देतो : राजे तिच्या लेकरांना सांभाळतील आणि राण्या त्यांना पाजतील. येथे मूळ इब्री भाषेत दोन निरनिराळे शब्द आहेत. 'मेनेकेत' म्हणजे दूध पाजणारी. 'ओमेन', आणि स्त्रीलिंगी 'ओमेनेत', म्हणजे उचलून धरणारा, आधार देणारा, सांभाळणारा. मराठीत आपण दोन्हींसाठी सहज 'दाई' असे लिहून जातो आणि त्यांतील भेद पुसला जातो. 'ओमेन' हा शब्द कोशकार ज्या धातूशी जोडतात, त्याच धातूपासून आपला 'आमेन' आलेला आहे. स्थिर राहणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे, हा त्याचा गाभा.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची आई 'मेनेकेत' आहे. रूथच्या चौथ्या अध्यायात ओबेद जन्मल्यावर नामी त्याला उराशी घेते, तेव्हा तिच्यासाठी 'ओमेनेत' हा शब्द येतो. वृद्ध नामी त्याला दूध पाजीत होती, असे शास्त्र म्हणत नाही. ती आधार देणारी झाली. सुनेने बाळाला जन्म दिला आणि सासूने ते सांभाळले. ज्या घरात पाजणारीला सांभाळणारी मिळते, त्या घरात बाळ वाढते. त्या पाच दिवसांत माझ्या घरात पाजणारी होती; सांभाळणारी मात्र टेबलाशी बसून सांभाळणे या शब्दाचा अर्थ शोधीत होती.

३. अडचण म्हणजे अपराध नव्हे

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या एक अनुभवी परिचारिका घरी आल्या. त्यांनी प्रथम मुलीला गरम चहा दिला, पाठीशी उशी लावली आणि मग म्हणाल्या, "बघू या, बाळ कसे धरतेस ते." दोष दूध नसण्याचा नव्हता, बाळ केवळ स्तनाग्र चोखत होते. त्यांनी जे शिकवले ते, आणि त्यानंतर मी जे जाणून घेतले ते, थोडक्यात येथे देते. कारण योग्य वेळी मिळालेले साधे ज्ञान हीही देवाची कृपाच होय.

पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच असतो. नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. रोगाशी झगडण्याची शक्ती त्यात भरलेली असते. तो पिळून टाकून मध, गुळाचे पाणी किंवा घुटी देण्याची रीत आपल्याही पुष्कळ घरांत होती. ती सोडावी, मध तर पहिले वर्षभर देऊच नये. बाळ जन्मल्यापासून एका तासाच्या आत अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजता येते. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल, तर दूध भरून येण्यास एखादा दिवस अधिक लागतो. त्याने घाबरू नये.

चिरा पडतात त्या बहुधा बाळाची पकड चुकल्यामुळे. बाळाचे डोके आणि अंग एका रेषेत असावे, त्याचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे. त्याने तोंड मोठे उघडले की मगच त्याला जवळ ओढावे, म्हणजे स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही तोंडात जातो. हनुवटी स्तनाला टेकते आणि खालचा ओठ बाहेर वळतो. वेदना होत राहिली तर तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ बोट घालून पकड सोडवावी आणि पुन्हा धरावे. पाजून झाल्यावर स्वतःच्या दुधाचे दोन थेंब चिरांवर लावून वाळू द्यावेत.

स्तन दाटून दगडासारखे झाले तर पाजणे थांबवू नये. पाजण्यापूर्वी कोमट पाण्याचा शेक घ्यावा, थोडे दूध हाताने काढून तो भाग मऊ करावा, आणि पाजून झाल्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा उमटून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषधे चालू असतानाही बहुतेक वेळा पाजता येते.

आता सर्वांत मोठी भीती : "मला दूध पुरत नाही." दूध बनते ते मागणीप्रमाणे. बाळ जितके वेळा चोखते तितके शरीर दूध बनवते. म्हणून नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे चुकवू नये. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी ही बाळंतिणीला पोषक आहेत, पण रिकामा होणारा स्तन हीच दुधाची खरी हाक आहे. भीतीपोटी बाहेरच्या दुधाची बाटली दिली की बाळ कमी चोखते, मग दूध खरोखरच कमी होते. पाचव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले करीत असेल आणि पहिल्या दिवसांत घटलेले वजन सुमारे दोन आठवड्यांत भरून येत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे. मात्र बाळ सुस्त पडले, पिण्यासाठी जागेच होईना, लघवी कमी झाली किंवा कावीळ वाढताना दिसली, तर वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.

आणखी एक गोष्ट. दूध बनणे आणि पान्हा फुटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पान्हा फुटण्यासाठी शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा स्राव वाहावा लागतो. वेदना, भीती आणि लाज यांनी तो अडतो. आपल्या शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मारलेली, बिचकलेली गाय पान्हा चोरते. म्हणून धार काढणारा तिच्या अंगावरून हात फिरवतो. गाईला जे आपण देतो, ते आपल्या लेकीसुनांना द्यावयास आपण का चुकतो? "आमच्या वेळी असले नव्हते" हे माझे वाक्य उपदेश नव्हता. दूध असूनही पान्हा अडवणारा तो एक दगड होता.

४. मोशेची तक्रार आणि देवाचे उत्तर

गणनेच्या अकराव्या अध्यायात एक आश्चर्य आहे. लाखो लोकांचा भार असह्य होऊन मोशे देवाकडे तक्रार करतो. तो विचारतो, की या लोकांना मी गर्भी धारण केले होते काय, मी त्यांना जन्म दिला काय, की अंगावर पिणारे मूल 'ओमेन' जसे उराशी वाहतो तसे मी त्यांना वाहावे? मग तो सरळ सांगतो, की हा भार एकट्याने वाहणे त्याला शक्य नाही. तो इतका खचला आहे, की मरण मागतो.

इस्राएलाच्या सर्वांत थोर पुढाऱ्याने आपल्या थकव्यासाठी तान्ह्या बाळाला वाहणाऱ्याचा दाखला निवडला. रात्री तीन वाजता बाळ खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारणाऱ्या मातेला मोशेचे मन समजेल. आता देवाचे उत्तर पाहा. तो मोशेला अविश्वासी म्हणत नाही. "तुझ्या आधीच्यांनी कसे केले?" असे तो विचारीत नाही. तो सत्तर वडील माणसे जमा करावयास सांगतो, म्हणजे ती मोशेबरोबर भार वाहतील आणि त्याला एकट्याने तो वाहावा लागणार नाही.

"माझ्याने एकटीने होत नाही" ही कबुली देवाच्या दृष्टीने पाप नाही. तिचे देवाने दिलेले उत्तर म्हणजे माणसे. होय, भगिनी, तुझ्या रडण्याचे उत्तर म्हणून देवाने तुझ्या घराला आणि तुझ्या मंडळीला बोलावले आहे. आम्ही आलो नाही, तर दोष आमचा आहे.

५. त्या सत्तरांत आपण कोण?

पतीहो, एलकानाकडे पाहा. वार्षिक यज्ञासाठी सर्व कुटुंब शिलोला निघाले असता हन्नाने बाळाचे दूध तुटेपर्यंत घरी राहण्याची इच्छा सांगितली. धार्मिक कर्तव्य, समाजाची रीत, लोकांचे बोलणे हे सारे तिच्या विरुद्ध उभे करता आले असते. एलकानाने तिला जे बरे वाटेल ते करावयास सांगितले आणि ती घरी राहिली. आपल्या घरी बाळ असता पाण्याचा तांब्या जवळ ठेवणे, लंगोट बदलणे, ढेकर काढून बाळाला निजवणे, पाहुण्यांची रीघ आवरणे, ही पुरुषाला कमीपणा आणणारी कामे नाहीत. थेस्सलनीकाकरांस पौलाने स्वतःची तुलना लेकरांना पोसणाऱ्या दाईशी केली आहे. तेथे त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ऊब देणे असा आहे. प्रेषिताला त्या शब्दाची लाज वाटली नाही.

सासूबाई आणि माझ्यासारख्या आया हो, आपण नामी व्हावे. बाळ आपल्या हातात घ्यावे म्हणजे लेकीसुनेला दोन तास झोप मिळेल. पण तिच्या दुधाचा हिशेब आपल्या हातात घेऊ नये.

नोकरी करणाऱ्या भगिनींना सांगते, की २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ती मागण्यात संकोच करू नका. कामावर परतल्यावरही दूध हाताने काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवता येते आणि घरची माणसे ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजू शकतात. साध्या हवेत ते सुमारे चार तास टिकते. उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे.

आणि मंडळी? आपली किती तरी कुटुंबे नोकरीनिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा नगरांत विखुरलेली आहेत. तेथे तरुण मातेजवळ ना आई असते, ना मावशी, ना शेजारची अनुभवी आजी. अशा ठिकाणी मंडळीनेच माहेर व्हावे. महिला मंडळाने आठवडाभर डबा पोहोचवावा, एखाद्या अनुभवी भगिनीने जाऊन शेजारी बसावे, उपासनेच्या जागी पाजण्यासाठी एक कोपरा आणि एक खुर्ची ठेवावी. बाळ रडले म्हणून आईला बाहेर पाठवणारी नजर आपल्या मंडळीत नसावी.

६. जिला पाजता आले नाही तिच्यासाठी

काही माता सर्व प्रयत्न करूनही पाजू शकत नाहीत. कोणाला आजार असतो, कोणाला असे औषध घ्यावे लागते की डॉक्टर पाजण्यास मनाई करतात, कोणाचे बाळ अकाली जन्मून काचेच्या पेटीत असते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. तपासणी झालेल्या मातांचे जास्तीचे दूध जंतुरहित करून अशक्त आणि अकाली जन्मलेल्या बाळांना देण्याचे हे काम आहे. एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला जगवते. यशयातील त्या पाजणाऱ्या राण्या मला अशा खोल्यांत दिसतात. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्यातील दूध द्यावे लागले, तर उकळलेल्या पाण्यात, सांगितलेल्या मापाने, स्वच्छ वाटीतून, प्रार्थनेने आणि शांत मनाने द्यावे. अशी माता कमी माता होत नाही. देवाने आपल्या विसर न पडण्याची अट म्हणून कोणाचे दूध मोजलेले नाही.

तसेच बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता राहिली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे, विश्वासाची उणीव नव्हे. अशा मातेला एकटी सोडू नये. तिला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे आणि तिच्यासाठी प्रार्थनाही करावी. मोशेनेही मरण मागितले होते आणि देवाने त्याला टाकले नाही.

माझ्या लेकीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "नाही ग. विसर मला पडला होता." नंतर मी बाळ घेतले आणि ती झोपली. आठवड्याभरात चिरा भरल्या. बाळ पोटभर पिऊ लागले. मसुद्यातील तेविसाव्या वचनात मी 'दाई' हा शब्द खोडून 'सांभाळणारे' असे लिहिले. तो शब्द मला कोशाने सांगितला होता, पण शिकवला बाळंतिणीच्या खोलीने.

प्रिय वाचका, आज आपल्या घरात, शेजारात किंवा मंडळीत कोणी पाजणारी असेल, तर हा अंक मिटून तिच्याकडे जा. उपदेश नेऊ नका. गरम जेवण न्या आणि दोन मोकळे हात न्या.

प्रार्थना : हे दयाळू देवबापा, तुझ्या तळहातांवर ज्यांची नावे आहेत, त्या सर्व नवमातांना आज रात्री धीर दे. त्यांच्या वेदनेवर फुंकर घाल, त्यांच्या तान्ह्यांना पोटभर दे. ज्यांना पाजता येत नाही त्यांच्या मनातील दोषाची टोचणी काढून टाक. आणि आम्ही बोलून ज्यांना दुखावले, त्यांच्याजवळ शांतपणे बसण्याची नम्रता आम्हाला दे. ज्याने मातेच्या कुशीत पोषण घेतले, त्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.